दुपट्यात गुंडाळायचं की हात मोकळे? तिघांचे तीन सल्ले, मी कोणाचं ऐकू?

नवी_आई:
लेक आज २३ दिवसांची झाली. हॉस्पिटलमध्ये नर्सनी छान गच्च गुंडाळून दिलं, दोनदा करूनही दाखवलं. पहिल्या तपासणीला डॉक्टर म्हणाले गरज नाही, हात मोकळे राहू देत. आणि सासूबाई म्हणतात कुशीवर झोपव, पाठीला उशी लाव, नाहीतर दूध वर आलं की ठसका लागेल. न गुंडाळता खाली ठेवलं की दोन्ही हात एकदम वर उडतात, बोटं फाकतात आणि ती रडतच उठते. गुंडाळलं की दोन तास झोपते, पण मग मीच जागी, सारखा छातीवर हात ठेवून श्वास बघत बसते.

दोन_लेकरांचा_बाबा:
बिनधास्त गुंडाळा. हात उडतात तो मोरो रिफ्लेक्स, म्हणजे आपोआप होणारं दचकणं, सगळ्या तान्ह्या बाळांना असतो. आमची दोन्ही पोरं गुंडाळूनच झोपली. आणि आईची झोप हा काही लाड नाही हो, थकून सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन डोळा लागला तर ते कितीतरी जास्त धोक्याचं. फक्त छातीपाशी दोन बोटं आत जातील इतकं सैल ठेवा आणि पाय सरळ करून बांधू नका, बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत, नाहीतर खुब्याच्या सांध्याला त्रास होतो.

मोकळे_हात:
मला नाही पटत. बाळ सलग झोपतंय म्हणजे चांगलंच, हे कोणी ठरवलं? या वयात पटकन जाग येणं हेच त्याचं संरक्षण आहे आणि गुंडाळलेल्या बाळाला जाग कमी येते. शिवाय भूक लागली की ते हात तोंडाकडे नेतं, ती खूणच तुम्ही बांधून टाकता. आमच्याकडे पहाटे ४ वाजता पाहिलं तर दुपटं सुटून वरचा काठ नाकापर्यंत आला होता. त्या दिवसापासून दुपटं बंद, झोपताना स्लीप सॅक, म्हणजे अंगात घालायची, हात मोकळे ठेवणारी झोपेची पिशवी. पहिले चार दिवस खूप रडला, पाचव्या दिवसापासून झोपला.

तीन_नातवंडांची_आजी:
आमच्या वेळी डॉक्टरच पालथं झोपवायला सांगायचे, आमची मुलं वाढलीच ना? पालथं नको म्हणता तर नको, पण कुशीवर झोपवायला काय हरकत आहे? उताणं बाळ ओकलं तर गुदमरणार नाही का?

प्रसूती_वॉर्ड_नर्स:
आजी, तेव्हा तसंच सांगायचे, तुमची चूक नाही. पण उताण्या बाळाची श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायला चढ चढावा लागतो. पालथं केलं की उलटं होतं. कुशीवरचं बाळ तर सहज पालथं होतं. अमेरिकेत १९९२ मध्ये पालथं झोपवू नका असं बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं, १९९४ पासून मोठी मोहीम चालली, आणि झोपेत अचानक होणारे, कारण न सापडणारे बाळांचे मृत्यू पुढच्या काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणून नवी_आई, उशी आजच काढा. सपाट टणक गादी, वर घट्ट बसवलेली चादर, बाकी काही नाही, आणि बाळ तुमच्याच खोलीत पण वेगळ्या जागी. गुंडाळायचं की नाही यावर तुमच्या डॉक्टरांचं आणि माझं मत वेगळं असू शकतं, उताणं झोपवण्यावर मात्र होणार नाही.

दोन_लेकरांचा_बाबा:
तेच म्हणतोय मी. उताणं ठेवून गुंडाळा, चार महिन्यांपर्यंत काही होत नाही.

मोकळे_हात:
चार महिने हा आकडा कृपया देऊ नका!! कूस बदलायचा पहिला प्रयत्न दिसला की त्याच दिवशी बंद, मग ते दोन महिन्यांचं असो की तीन. हात बांधलेलं बाळ पालथं झालं तर मान वळवायला, अंग उचलायला हातच नसतात त्याच्याकडे.

प्रसूती_वॉर्ड_नर्स:
हे अगदी बरोबर. आणि वजनदार स्लीप सॅक मिळतात त्या अजिबात नकोत. अंग गरम होतंय का ते मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर एक थर कमी.

दोन_लेकरांचा_बाबा:
ठीक, आकडा मागे घेतो. पण २३ दिवसांच्या बाळाला आणि न झोपलेल्या आईला आज रात्री दुपटं सोडा म्हणणं मला अजूनही बरोबर वाटत नाही.

नवी_आई:
उशी काढली. सासूबाईंना नळीचं समजावलं, त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि मग स्वतःच तिला उताणं ठेवलं. आज पातळ सुती दुपटं, एक हात बाहेर. उद्या डॉक्टरांना फोन करून हे चालेल का विचारते.