टाकीच्या सर्किटमधला ट्रान्झिस्टर सारखा जळतो

प्रश्न (वरुड): संत्र्याच्या बागेतली टाकी भरली की मोटर बंद व्हावी म्हणून बीसी५४७ ट्रान्झिस्टरवर १२ व्होल्टचा रिले (कॉइलमधल्या करंटने चालणारा स्विच) जोडला. दोन-तीनदा टकटक होते अन् ट्रान्झिस्टर जातो. काऊन?

उत्तर (काटोल): भाऊ, रिलेच्या कॉइलवर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावला का? ४०० ओहमची कॉइल ३० मिलिअँपिअर घेते, बीसी५४७ ला ते जड नाही. पण रिले सुटताना कॉइल उलटा झटका मारते, तो ट्रान्झिस्टरची ४५ व्होल्टची मर्यादा ओलांडतो. १एन४००७ डायोड कॉइलला समांतर जोडा, त्याची चंदेरी पट्टी प्लसकडे.

उत्तर (मोर्शी): पट्टी उलटी बसली तर सरळ शॉर्ट, ट्रान्झिस्टर पुन्हा जाईल. अन् मोटरचा करंट या छोट्या रिलेतून नेऊच नका, काँटॅक्ट चिकटले तर मोटर बंदच होणार नाही. मध्ये काँटॅक्टर (जास्त करंट झेलणारा मोठा रिले) घ्या.

प्रश्नकर्ता: डायोड नव्हताच. आजच लावतो.