मेणवलीचा नाना फडणवीस वाडा आतून बघता येतो का?

घाटमाथा_७: पुढच्या शनिवारी आईबाबांना घेऊन महाबळेश्वरला चाललोय, वाटेत वाईला थांबून मेणवली करायचा विचार आहे. यूट्यूबवर बघावं तर सगळे नुसता नदीवरचा घाट दाखवतात आणि कुठलं शूटिंग कुठे झालं तेच सांगत बसतात. वाडा आतून बघण्यासारखा आहे का? आणि ती पोर्तुगीज घंटा नानांनीच जिंकून आणली ना?

मोडीवाचक: नाना कसे आणतील, वसई घेतली चिमाजी अप्पांनी १७३९ला आणि नानांचा जन्म १७४२चा 😄 घंटा वसईचीच पण. घाटावर देवळाशेजारी टांगलीय, जवळ जाऊन बघा, बाळ येशूला घेतलेली मेरी आहे तिच्यावर.

रिकामटेकडी: वाडा नक्की बघा, फक्त काचेच्या कपाटात तलवारी-पगड्या मिळतील अशा अपेक्षेने जाऊ नका. तिथे वाडा हीच वस्तू आहे. एकामागून एक सहा चौक, सागवानी खांब, जाडजूड भिंती, भर उन्हात बाहेरून आत शिरलं की लगेच गार वाटतं. भिंतींवर पौराणिक प्रसंगांची चित्रं आहेत, बरीच पुसट झालीत पण रेषा अजून काय सुरेख आहे! फ्लॅश मारू नका प्लीज आणि हात तर मुळीच लावू नका, आमच्यासमोर एक काका बोटाने घासून बघत होते, रंग खरा आहे का म्हणून.

सदाशिव_पेठी: एवढा मोठा वारसा, सरकारने ताब्यात घेऊन नीट म्युझियम का करत नाही?

मोडीवाचक: सरकारी ताब्यातले वाडे बघितलेत ना आपण? मेणवलीला वंशजांनी टिकवलंय म्हणून उभा तरी आहे, कौलं शाकारायची, वाळवी बघायची, हा खर्च साधा नसतो. म्हणून तिकिटाला कुरकुर करू नये असं माझं मत. नानांचे जुने कागद मात्र तिथे शोधू नका, ते सगळं, म्हणजे मेणवली दफ्तर, इतिहास संशोधक द. ब. पारसनीसांच्या संग्रहातून पुण्याला डेक्कन कॉलेजात गेलंय.

घाटमाथा_७: भारी माहिती, थँक्यू! बाबांचे गुडघे दुखतात, झेपेल का?

रिकामटेकडी: खालचे चौक आरामात होतील. वरचे जिने अरुंद आणि पायऱ्या उंच, ते राहू द्या. घाटाच्या पायऱ्या ओल्या असतील तर त्यांना वरच बसवा. आणि खासगी मालकी आहे, कधी बंदही असतो, तेव्हा निघायच्या आधी वाईत कुणालातरी विचारून घ्या.