गावच्या रेडिओवर कारभाराविषयी गप्पा कशा कराव्यात?

माळरान (प्रश्न)

नमस्कार. आमच्या तालुक्यात एका संस्थेचे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे आणि गेली चार वर्षे मी तेथे आठवड्यातून दोन दिवस विनामोबदला काम करतो. आजवर माझ्याकडे शेतीविषयक माहितीचे आणि भजनांचे कार्यक्रम होते. आता केंद्राच्या समितीने शनिवारी संध्याकाळचा एक तास माझ्याकडे सोपवला असून गावचा कारभार, लोकांचे रोजचे जगणे आणि इथली कला यांविषयी गावातल्याच माणसांनी त्यात मोकळेपणाने बोलावे, अशी समितीची इच्छा आहे.

माझ्यापुढे दोन अडचणी आहेत. राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम करायचे नाहीत, ही परवान्याची अट आम्हाला ठाऊक आहे; परंतु नळयोजना का रखडली याविषयी चार माणसे बोलू लागली की पाचव्या वाक्याला कोणाचे तरी नाव आणि सहाव्या वाक्याला कोणाचा तरी पक्ष येतो. तेथे थांबवायचे की पुढे जाऊ द्यायचे? दुसरी अडचण अशी की, पारावर तासभर रंगून बोलणारा माणूस स्टुडिओत आला की व्यासपीठावर उभा राहिल्यासारखा आभार मानू लागतो आणि त्याचे स्वतःचे म्हणणे बाहेरच राहते. ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नियमावली

पहिल्या अडचणीविषयी लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला आणि पुढे २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांना स्वतःचे केंद्र चालवण्याची वाट मोकळी झाली. त्याच धोरणात बातम्या, चालू घडामोडी आणि अन्य प्रकारे राजकीय ठरतील असे कार्यक्रम प्रसारित करण्यास मनाई आहे. राजकीय पक्षांना व त्यांच्या संलग्न संघटनांना तर असे केंद्र काढताच येत नाही. मात्र समुदायाच्या विकासाशी, आरोग्याशी, शिक्षणाशी, पर्यावरणाशी आणि संस्कृतीशी निगडित कार्यक्रमांवर भर द्यावा, निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर तयार व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत असावेत, असेही तेच धोरण सांगते. वीज व पाणीपुरवठ्यासारख्या नागरी सुविधांविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती पुढील काळात बातम्यांच्या व्याख्येतून वगळण्यात आली.

माझे मत असे की, मनाईचा रोख एखाद्या पक्षाच्या प्रचाराकडे आणि घडामोडींच्या वृत्तांकनाकडे आहे. ‘आमच्या वस्तीला आठवड्यातून एकदा पाणी येते आणि त्यासाठी मुलगी शाळा बुडवते’ हे सांगणे म्हणजे राजकारण नव्हे, ते त्या बाईचे जगणे आहे. ‘म्हणून अमक्याला पाडा’ हे वाक्य आले की रेषा ओलांडली गेली. आपण थेट प्रसारण टाळून आधी ध्वनिमुद्रण करावे आणि असे वाक्य संपादनात काढावे. प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणे बंधनकारक आहे, ते ओझे समजू नये. कोणी आक्षेप घेतला तर तेच ध्वनिमुद्रण आपली बाजू मांडते. निवडणूक जाहीर झाल्यावर अधिक काळजी घ्यावी लागेल, हे वेगळे सांगायला नको.

जुना निवेदक

मी आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून दुसऱ्या अडचणीविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

१९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला होता. त्याविषयी आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून मी जे ऐकले आणि पुढे जे वाचले, त्याने माझी या कामाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत दीडशे गावे निवडण्यात आली आणि प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे श्रोतृमंडळ स्थापन झाले. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागत असे. मंडळी एकत्र बसून तो ऐकत, रेडिओ बंद झाल्यावर त्यावर आपापसांत चर्चा करत आणि त्यांच्या शंका व निर्णय केंद्राकडे कळवले जात; त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले, तेव्हा नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत कितीतरी अधिक भर पडल्याचे दिसले आणि निरक्षर सभासदही चर्चेत मागे राहिले नव्हते.

आपण स्टुडिओतून सुरुवात करत आहात, तेथेच माणूस बिचकतो, असे मला वाटते. चर्चा आधी गावात घडू द्यावी आणि रेडिओने तिच्याकडे चालत जावे. पारावर, दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर किंवा देवळाच्या सभामंडपात आपण रेकॉर्डर घेऊन बसा, पहिली वीस मिनिटे स्वतः काहीही विचारू नका आणि लोकांना एकमेकांशी बोलू द्या. भाषण समोरच्या समुदायाला उद्देशून होते. शेजारी बसलेल्या तुकारामाला ‘तू त्या बैठकीला होतास का रे?’ असे विचारताना कोणी आभार मानत नाही. जागेचे आवाज पुसू नका, पण पंखा आणि पत्र्यावरचा पाऊस मात्र टाळा, कारण त्यांत शब्द बुडतात.

आणखी एक विनंती करतो. बोली सुधारू नका. ‘न्हाई’ म्हणणाऱ्या आजींकडून ‘नाही’ वदवून घेतले की त्या पुढचे वाक्य तोलून बोलतात आणि मग त्यांच्याकडून खरे काही मिळत नाही.

जात्यावरची ओवी

काकांचे म्हणणे मनापासून पटले. मी आमच्या भागातील केंद्रावर सहा वर्षे बायकांचा कार्यक्रम करते, त्या अनुभवातून लिहिते.

पारावर बायका बसत नाहीत, हे दादांनी आधी ध्यानात घ्यावे. तेथेच ध्वनिमुद्रण केले तर गाव म्हणून निम्मेच गाव ऐकू येईल. बचत गटाची बैठक, भांगलणीचे रान, टँकरची रांग या आमच्या जागा. शिवाय कला आणि कारभार असे दोन कप्पे करू नयेत, असे मला कळकळीने सांगायचे आहे. एका भागात मी दोन वृद्ध बायकांच्या ओव्या मुद्रित करायला गेले होते. ओवीत विहीर आली, त्यावरून त्यांच्या तरुणपणीच्या दुष्काळाची आठवण निघाली, तेथून गोष्ट आजच्या टाकीवर आली आणि ती टाकी वरच्या आळीतच का बांधली गेली हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितले की मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. आपल्याकडे तमाशातली बतावणी आणि वग यांतून कारभाऱ्यांना बोल लावण्याची रीत जुनीच आहे. गाण्याच्या आधाराने माणूस निर्धास्त होतो.

मात्र तो भाग प्रसारित करताना माझ्याकडून एक चूक झाली, तीही सांगते. ज्यांच्या काळात टाकी बांधली, त्यांना मी विचारलेच नाही. दुसऱ्या दिवशी ते चिडून केंद्रावर आले. एका स्थानिक दुकानदाराने जाहिरात काढून घेतली आणि त्या दोघींना महिनाभर टोमणे ऐकावे लागले. मला बोलणे सोपे गेले, झळ त्यांना बसली. तेव्हापासून मी दोन नियम पाळते. ज्याच्या कामाविषयी बोलणे आहे, त्याचे उत्तर त्याच भागात असते. पुढच्या आठवड्यात नव्हे. आणि बोलणाऱ्यांना त्यांचे संपूर्ण ध्वनिमुद्रण आधी ऐकवते. त्यांनी ‘हे नको’ म्हटले तर ते वाक्य कितीही चांगले असले तरी काढून टाकते. गंमत अशी की, पुढे त्याच गृहस्थांनी स्वतःहून येऊन सांगितले की टाकीच्या जागेचा निर्णय उंचीमुळे घेतला होता. ते खरे की सबब, यावर बचत गटात दोन बैठका झाल्या आणि नंतरच्या ग्रामसभेत बायकांनी नकाशा मागितला.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. समितीशी काल सविस्तर बोललो. पहिले चार भाग स्टुडिओबाहेर मुद्रित करायचे आणि प्रत्येक गावात दहा-बारा जणांचे श्रोतृमंडळ आधी जमवायचे, असे ठरले आहे. पहिला विषय धनगरांच्या गजीनृत्याच्या फडाचा घेतला आहे, कारण ढोल वाजवणाऱ्या मंडळींची मेंढरे ज्या गायरानावर चरत, त्याचा काही भाग आता कुंपणात गेला आहे आणि तो प्रश्न आपसूक निघेल. ताई, कुंपण ज्यांनी घातले त्यांच्याकडे ध्वनिमुद्रणाआधी जावे की नंतर?

जात्यावरची ओवी

दोन्ही वेळा जावे, दादा. आधी विषय सांगायला आणि नंतर लोकांचे म्हणणे ऐकवून त्यांचे उत्तर घ्यायला. ते बोलायला तयार नसतील, तर आपण विचारले होते एवढे कार्यक्रमात साध्या शब्दांत सांगावे. सोबत एखादे वडीलधारे माणूस न्यावे आणि रेकॉर्डर पहिल्या भेटीत पिशवीतच ठेवावा.