मदत हवी आहे: मादी गुबगुबीत, पण अंडी देत नाही
कॉमन कार्प माशाचे ब्रूडर (प्रजननासाठी ठेवलेले नर-मादी) सांभाळतो. यंदा माद्या दिसायला मस्त, पोटं टम्म, पण अंडी सुटावीत म्हणून हार्मोनचं इंजेक्शन देऊनही अंडी जेमतेम. एक मादी मेली म्हणून कापून पाहिली, तर आतड्याभोवती पांढऱ्या चरबीचे थर आणि अंडाशय अगदी बारीक! चूक माझीच असणार. थंडीतही खाद्य सढळ हाताने टाकत होतो.

दुसऱ्या एका मादीची लांबी 40 सेंमी, वजन 1.4 किलो. ग्रॅममधलं वजन गुणिले 100, भागिले लांबीचा घन, असा कंडिशन फॅक्टर (लांबीच्या मानाने मासा किती भरलेला, तो आकडा) काढला तर 2.19 येतो. पण हे वजन अंड्यांचं की चरबीचं, हे त्या आकड्यावरून कसं ओळखायचं? जिवंत माशात तपासायची काही पद्धत आहे का?

खाद्य एकदम तोडायची भीती वाटते. अंड्यातला बलक यकृतात तयार होणाऱ्या प्रथिनापासून बनतो आणि त्याला महिने लागतात. मध्येच उपासमार झाली तर मादी तयार होत आलेली अंडी परत शोषून घेते. मग खाद्य कमी करायचं ते नेमकं कधी, अंडी दिल्यानंतर लगेच? की प्रमाण तेच ठेवून स्निग्धांश कमी करू आणि माशाचं तेल, ई जीवनसत्त्व वाढवू? स्वतः करून पाहिलेल्यांनी कृपया सांगा.