आगीचा विमादावा ‘उशिरा कळवले’ म्हणून नाकारला. दाद कुठे मागावी?

प्रश्न (अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

नमस्कार. माझ्या काकांचा टॉवेलचा छोटा यंत्रमाग कारखाना असून मालकी त्यांची एकट्याची आहे. रात्रपाळीत शॉर्टसर्किट होऊन शेडला आग लागली आणि चार माग, सुताची पोती व गाठी बांधून ठेवलेला माल जळाला. अग्निशामक दल त्याच रात्री आले, दुसऱ्या दिवशी पोलिसांनी पंचनामा केला. मात्र काका भाजल्यामुळे रुग्णालयात होते आणि विमा कंपनीला लेखी कळवायला आठवडा गेला. सर्व्हेअरने मोजदाद केली, जीएसटीची विवरणपत्रे नेली. आता पत्र आले आहे की, घटना तात्काळ न कळवल्याने अटीचा भंग झाला, सबब दावा नामंजूर. शाखेत मात्र तोंडी सांगतात की साठा-नोंदवहीही जुळत नाही आणि कमी रकमेच्या ‘पूर्ण व अंतिम’ व्हाउचरवर सही केलीत तर बघू. बँकेचे हप्ते चालूच आहेत. सही करावी का?

उत्तर १

सही मुळीच करू नका. दबावाखाली सही घेतल्याचे सिद्ध झाल्यास उरलेली रक्कम मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच मान्य केले आहे; पण तो दबाव सिद्ध करण्याची जबाबदारी मग काकांवर येते.

तुमचा खरा आधार नामंजुरीचे पत्रच आहे. त्यात न दिलेले कारण कंपनीला नंतर ग्राहक आयोगापुढे उभे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात (२०१९) स्पष्ट केले. त्यामुळे साठा-नोंदवहीवर शाखेत वाद घालत बसू नका. मात्र नुकसान किती झाले हे शाबीत करावेच लागेल, म्हणून सूतखरेदीची बिले जमवा आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत कंपनीकडून आजच लेखी मागून घ्या. कंपनी सरकारी असेल तर माहिती अधिकारातही अर्ज करता येतो. उशिराबाबत बोलायचे तर, अपरिहार्य कारणाने विलंब झाला असल्यास केवळ त्यावरून खरा दावा फेटाळू नये, असे विमा नियामकाचे २० सप्टेंबर २०११ चे परिपत्रकच आहे. काकांचे रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड हा इथे सर्वांत मोलाचा कागद आहे.

उत्तर २

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, वर्षभरात जाता येते. सोलापूर जिल्हा पुण्याच्या कार्यालयाकडे येतो. एकल मालकीच्या व्यवसायाची पॉलिसी तिथे चालते, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा होऊ शकतो.

उत्तर ३

माझ्या मते जिल्हा ग्राहक आयोगाचा विचार आधी करावा, कारण साठ्याचा वाद निघालाच तर पुरावा सविस्तर मांडायला तिथे वाव आहे. व्यवसायासाठी पॉलिसी घेतली म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, हा बचाव कंपन्या हमखास घेतात. पण विमा नुकसान भरून काढण्यासाठी असतो, नफ्यासाठी नव्हे, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने हरसोलिया मोटर्स प्रकरणात (२०२३) तो नाकारला. शिवाय आयोगाची ५० लाखांची मर्यादा दाव्यावर नव्हे, भरलेल्या विमा हप्त्यावर (प्रीमियमवर) मोजतात. त्यामुळे नुकसान कितीही मोठे असले तरी यंत्रमागधारकाला सहसा सोलापूर सोडावे लागत नाही, आणि हप्ता ५ लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही. कंपनीला लेखी म्हणणे मांडायला ३० आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदतवाढ नाही, हे घटनापीठाने २०२० मध्ये ठरवून दिले आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. नुकसान ५० लाखांच्या आतच आहे. दोन्हीकडे एकदम अर्ज चालेल का?

उत्तर १

नाही. आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाही. उलट लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, काकांना मात्र तो न पटल्यास आयोगाकडे जाण्याची वाट मोकळी राहते. फक्त आयोगाची दोन वर्षांची मुदत नामंजुरीपासून धरा, नंतरच्या पत्रव्यवहाराने ती वाढेल अशा भरवशावर राहू नका. तुमच्या प्रकरणात कारण एकच आणि लेखी आहे, त्यामुळे मी लोकपालापासून सुरुवात केली असती. नामंजुरीच्या पत्राची प्रत बँकेलाही द्या. माल तारण असेल तर पॉलिसीत बहुधा बँकेचेही नाव असते आणि तिने कंपनीला पत्र लिहिले तर त्याला वजन असते.