बॅकअपला लावण्याआधी जुनी बाह्य हार्ड डिस्क पूर्ण पुसावी की नुसतं फॉरमॅट पुरे?

शून्यबाइट (धागाकर्ता)

पडून असलेली बाह्य हार्ड डिस्क काढायची, क्विक फॉरमॅट मारायचं आणि त्यावर संगणकाचा बॅकअप सुरू करायचा, असा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते तो अर्धवट आहे. आधी ती डिस्क पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवर माहिती साठवायचा छोटा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत एकदा शून्यांनी लिहून काढावी.

पहिलं कारण जुन्या माहितीचं. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त फाइलींची यादी नवी होते, मजकूर जागच्या जागी राहतो. फोटोरेकसारखं फुकट मिळणारं साधनही तो बाहेर काढतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पूर्ण लेखन ही डिस्कची परीक्षा आहे. चारपाच वर्षं पडून असलेल्या डिस्कवर कमकुवत सेक्टर असतील तर ते आज, डिस्क रिकामी असताना कळलेले बरे.

विंडोजमध्ये कृती अशी. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, डिस्कपार्ट (डिस्कची विभागणी सांभाळणारं विंडोजचं साधन) चालू करा, 'लिस्ट डिस्क' द्या. इथे घाई करू नका. २ टीबीची डिस्क या यादीत १८६३ जीबी दिसते आणि ५१२ जीबीची आतली एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) ४७६ जीबी. दोन डिस्क एकाच आकाराच्या असतील तर आकारावर विसंबू नका. 'सिलेक्ट डिस्क' करून 'डिटेल डिस्क' द्या आणि मॉडेलचं नाव वाचा. मगच 'क्लीन ऑल'. नुसतं 'क्लीन' दिलंत तर विभाजनाची माहिती तेवढी जाते, बाकी सगळं तसंच राहतं. 'क्लीन ऑल' चालू असताना टक्केवारी दिसत नाही, कर्सर नुसता थांबून राहतो. बंद पडलं समजून केबल ओढू नका, आणि संगणकाचं स्लीप आधीच बंद करून ठेवा. पुसून झाल्यावर जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवायची नवी पद्धत) विभाजन करा. एमबीआर या जुन्या पद्धतीत ५१२ बाइटच्या सेक्टरला २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. मग एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) फॉरमॅट.

त्यानंतर टास्क शेड्युलरमधून रोज रात्री रोबोकॉपी (फाइलींची प्रत करणारी विंडोजची कमांड) 'मिर' (मूळ फोल्डरची हुबेहूब नक्कल) पर्यायासह चालवायची. डिस्क कायम जोडलेली ठेवायची, म्हणजे विसरण्याचा प्रश्नच नाही.

तबकडी

पुसण्याबाबत असहमत. हिशेब मांडू. साधी बाह्य डिस्क सेकंदाला १२० एमबीच्या आसपास लिहिते, म्हणजे २ टीबीला साडेचार तासांहून जास्त. चुकून यूएसबी २ च्या पोर्टला लावली की वेग ३५ एमबीवर येतो आणि तेच काम सोळा तासांवर जातं. हे सगळं कोणापासून लपवायला? डिस्क तुमच्याच घरात, तुमच्याच ताब्यात राहणार आहे. ती हातातून जाणार असेल, म्हणजे विकायची, कोणाला द्यायची किंवा वॉरंटीत परत पाठवायची असेल, तेव्हा पुसणं अनिवार्य. तेव्हा मी स्वतःच 'क्लीन ऑल' सांगेन.

परीक्षेसाठी स्मार्ट आकडे (डिस्क स्वतःच ठेवते त्या तिच्या तब्येतीच्या नोंदी) बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ५ (बदललेले सेक्टर), १९७ (प्रलंबित, म्हणजे वाचताना अडलेले) आणि १९८ (न वाचता येणारे) या तीन ओळी. तिन्हींचे मूळ आकडे शून्य असायला हवेत. हे साधन ते सोळा आकडी पद्धतीत दाखवतं, त्यामुळे कोरे शून्य आहेत ना तेवढं पाहा. शिवाय स्मार्टसीटीएल या कमांडची लांब चाचणी लावा. ती डिस्कच्या आतच सगळा पृष्ठभाग वाचून काढते. अडचण एकच: बऱ्याच बाह्य डिस्क काही मिनिटांनी झोपी जातात आणि चाचणी मध्येच तुटते. तेवढा वेळ दर मिनिटाला काहीतरी वाचत राहावं लागतं.

शून्यबाइट

वाचनाच्या चाचणीत दोष फक्त सापडतो. प्रलंबित सेक्टरचा निकाल त्यावर लिहिल्याशिवाय लागत नाही. लिहिलं की डिस्क ठरवते, सेक्टर ठीक आहे की राखीव जागेतला दुसरा लावायचा. म्हणून लेखन.

तबकडी

हे मान्य. पण मग पुसण्याआधीचे आणि नंतरचे आकडे लिहून ठेवा, नाहीतर परीक्षा घेऊन निकालच न पाहिल्यासारखं होईल. १९७ शून्यावर आला आणि ५ जागचा हलला नाही, तर पृष्ठभाग बरा आहे. पूर्वी कधीतरी लिहिताना वीज कमी पडली असेल किंवा धक्का लागला असेल. ५ वाढला तर ती डिस्क एकमेव प्रत म्हणून वापरू नका. दोन महिन्यांत पुन्हा वाढला तर सरळ निवृत्त करा.

वीज कमी पडण्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्यापायी चांगल्या डिस्कवर खराबीचा शिक्का बसतो. अडीच इंची डिस्क यूएसबीतूनच वीज घेते. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. चकती फिरायला सुरुवात होताना त्याहून जास्त लागू शकते. वेगळा अडॅप्टर नसलेल्या हबवर लावली तर टक्-टक् आवाज येतो, डिस्क दिसते, गायब होते, पुन्हा दिसते. आधी केबल बदला, थेट संगणकाच्या पोर्टला लावा, मग बोला. तरीही टक्-टक् थांबत नसेल तर बिघाड डिस्कमध्येच आहे.

मागची_आवृत्ती

तुम्ही दोघं पुसण्यावर वाद घालताय, पण मोठी चूक धागाकर्त्याच्या पहिल्या पोस्टच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. 'मिर' हा बॅकअप नव्हे, तो आरसा आहे. मूळ फोल्डरमधून फाइल उडाली की रात्री प्रतीतूनही उडणार. हिशेबाची फाइल मंगळवारी बिघडली आणि शुक्रवारी लक्षात आलं, तर तोवर तीन रात्री बिघडलेली फाइलच चांगल्या फाइलवर लिहून झाली. मूळ फोल्डर काही कारणाने रिकामा झाला, तर रोबोकॉपी आज्ञाधारकपणे बॅकअपही रिकामा करते.

त्यात डिस्क कायम जोडलेली. खंडणी मागणारा व्हायरस संगणकात शिरला की जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवरच्या फाइली कुलूपबंद करतो. त्याला बॅकअप वेगळा ओळखू येत नाही, आला तर तो आधी त्याच्यावरच जातो.

रोबोकॉपी वापरायचीच असेल तर तीन गोष्टी. 'मिर'ऐवजी 'ई', म्हणजे ती काही पुसत नाही. 'एक्सजे' हवाच, नाहीतर युजर फोल्डरमधल्या जंक्शनमध्ये (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्यांमध्ये) ती गोल गोल फिरत राहते. आणि 'आर' (किती वेळा प्रयत्न) व 'डब्ल्यू' (मध्ये किती सेकंद थांबायचं) स्वतः द्या. काहीच न दिल्यास अडकलेल्या एका फाइलसाठी ती दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करते. आउटलुकची उघडी फाइल आडवी आली की रात्रीचं काम तिथेच ठप्प. आर २, डब्ल्यू ५ पुरे.

पण माझं म्हणणं, आवृत्त्या ठेवणारं साधन घ्या. विंडोजमध्ये फाइल हिस्ट्री दर तासाला बदललेल्या फाइली उचलते. मात्र तिची मर्यादा समजून घ्या: ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरलेली फोल्डरं बघते. डी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर असेल तर ते लायब्ररीत घातल्याशिवाय त्याची प्रत होत नाही. जुन्या आवृत्त्या 'कायम ठेवा' असंच तिथे आधीपासून असतं, ते 'जागा लागेपर्यंत' करा, नाहीतर डिस्क भरली की काम थांबतं. मॅकवर टाइम मशीन: शेवटच्या २४ तासांच्या दर तासाच्या, महिन्याभराच्या रोजच्या आणि त्यामागच्या आठवड्याच्या प्रती. तिथे डिस्क मॅकच्या साठ्याच्या निदान दुप्पट घ्यावी. लिनक्सवर रेस्टिक किंवा बोर्ग. रोजच्या ७, आठवड्याच्या ४, महिन्याच्या १२ प्रती ठेवा आणि बाकीच्या छाटा.

डिस्क दोन घ्या. एक या आठवड्यात जोडलेली, दुसरी सुटी. दर रविवारी अदलाबदल.

कुलूप

पुसण्याच्या वादावर तोडगा आहे, पण तो दोघांनाही थोडा टोचेल. डिस्क सुरुवातीलाच एन्क्रिप्ट करा, म्हणजे कीशिवाय ती वाचता येणार नाही. विंडोज प्रोमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू करा. होम आवृत्तीत असं कुलूप लावता येत नाही, पण लावलेलं उघडता येतं. मध्ये एक प्रश्न विचारला जातो: 'फक्त वापरलेली जागा' की 'संपूर्ण ड्राइव्ह'? घाईत पहिला पर्याय निवडला जातो कारण तो लवकर आटपतो. नव्या कोऱ्या डिस्कला तो ठीक. जुन्या डिस्कवर मात्र पूर्वीच्या फाइली रिकाम्या दिसणाऱ्या जागेत तशाच उघड्या राहतात. 'संपूर्ण ड्राइव्ह' निवडलंत की जुनी माहितीही जाते आणि कुलूपही लागतं. एकाच रात्रीत दोन्ही कामं.

लिनक्सवाल्यांनी लक्षात ठेवावं, लक्स (लिनक्सवरचं डिस्कचं एन्क्रिप्शन) तयार करताना फक्त डिस्कच्या सुरुवातीचा भाग लिहिला जातो. उरलेली डिस्क कुलूप उघडल्यावर शून्यांनी भरावी लागते.

साधी_प्रत

घरच्या बॅकअपला एन्क्रिप्शन लावायला माझा विरोध आहे. बॅकअप ही संकटात उघडायची गोष्ट. बिटलॉकरची ४८ आकड्यांची रिकव्हरी की ज्या संगणकात ठेवली तोच संगणक गेला, तर बॅकअप हातात असून बंद. लक्सच्या सुरुवातीच्या १६ एमबीमध्ये बिघाड झाला आणि हेडरची (कुलपाची माहिती असलेल्या त्या भागाची) वेगळी प्रत नसेल, तर पासवर्ड आठवूनही उपयोग नाही. साध्या एनटीएफएस डिस्कवर दहा सेक्टर गेले तर बहुतेक वेळा दोनचार फाइली जातात, बाकीच्या वाचतात. आणि आपल्या पश्चात घरच्यांनी फोटो कसे बघायचे? डिस्क कोणत्याही संगणकाला लावली की उघडली पाहिजे. एक्सफॅट फॉरमॅट मात्र नको. त्यात जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) नसतं, लिहिताना केबल निघाली की फाइलींची यादीच बिघडू शकते.

कुलूप

की कागदावर छापा आणि डिस्कपासून वेगळी, महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा, घरात निदान एकाला सांगून. लक्सच्या हेडरची प्रत घ्यायला एक कमांड लागते.

पण तुम्ही एक प्रसंग सोडून देताय. मेलेली डिस्क पुसता येत नाही. मोटर फिरेनाशी झाली की 'क्लीन ऑल' चालवणार कशावर? चकत्यांवर माहिती मात्र पूर्ण शाबूत. त्या डिस्कवर ओळखपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती, बँकेची स्टेटमेंट, ब्राउझरचे साठवलेले पासवर्ड आहेत. ती वॉरंटीत पाठवायची की हातोडी घ्यायची, एवढाच पर्याय उरतो. आधीपासून कुलूप असेल तर तशीच देऊन टाकता येते.

साधी_प्रत

मेलेल्या डिस्कचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मग मी विभागणी सुचवीन. फोटो आणि व्हिडिओ उघड्या डिस्कवर, कागदपत्रं कुलपात. दोन्ही एकाच विभाजनात कोंबू नका.

फ्लॅश

वर सगळे फिरत्या चकतीबद्दल बोलताहेत. बाह्य एसएसडी असेल तर 'क्लीन ऑल'वर विसंबू नका. तिचा कंट्रोलर झीज वाटण्यासाठी प्रत्येक लेखन वेगळ्या जागी नेतो, आणि काही जागा संगणकाला दिसतच नाही. शून्यं लिहूनही जुने तुकडे मागे राहू शकतात. त्यासाठी उत्पादकाचं साधन वापरून सिक्युअर इरेज (एसएसडीने स्वतःच सगळं पुसायची आज्ञा) द्यावं लागतं, आणि यूएसबीच्या मधल्या चिपमुळे ती आज्ञा अनेकदा पोचतच नाही. इथे कुलूप यांचाच मार्ग योग्य.

जेडेक या चिप उद्योगाच्या मानक संस्थेच्या मानकानुसार आपल्या वापरातल्या एसएसडीने लेखनाची ठरलेली मर्यादा संपल्यावर, विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा आहे. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायच्या प्रतीला चकतीचीच डिस्क बरी.

आणि ३५ वेळा पुसणारे पर्याय कोणी वापरू नका. ती पद्धत ज्यातून आली तो पीटर गटमन यांचा १९९६चा निबंध त्या काळच्या वेगवेगळ्या लेखन पद्धतींसाठी होता. आजच्या चकतीला एक फेरी पुरते.

शून्यबाइट

'मिर'बद्दल मागची_आवृत्ती यांचं म्हणणं पटलं. धाग्यातली ती सूचना मागे घेतो, डिस्क कायम जोडलेली ठेवण्याचीही. आता क्रम असा धरतो: स्मार्ट आकडे लिहून घेणं, एक पूर्ण लेखन, पुन्हा आकडे, मग बिटलॉकर. आधीच शून्यं लिहिलेली असल्यामुळे तिथे 'फक्त वापरलेली जागा' चालेल. त्यावर फाइल हिस्ट्री, दोन डिस्क आलटूनपालटून. पूर्ण लेखनाचा हट्ट मात्र सोडत नाही.

तबकडी

सोडू नका. फक्त ज्याची डिस्क वर्षभर वापरात आहे आणि तिन्ही आकडे शून्य आहेत, त्याला आजच्या आज बॅकअप सुरू करू द्या. पुसायला मोकळी रात्र मिळेपर्यंत बॅकअपशिवाय राहणं जास्त धोक्याचं.

मागची_आवृत्ती

अदलाबदलीत एक अडचण येते. दोन्ही डिस्कना विंडोज वेगवेगळं ड्राइव्हचं अक्षर देऊ शकते, आणि ठरलेलं काम 'ई' शोधत असताना डिस्क 'एफ' होऊन बसते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोघींनाही एकच, लांबचं अक्षर द्या, 'आर' किंवा 'एस'. एका वेळी एकच जोडायची असल्याने भांडण होत नाही. फाइल हिस्ट्रीत मात्र डिस्क बदलली की 'सिलेक्ट ड्राइव्ह'मध्ये जाऊन नवी निवडावी लागते.

महिन्यातून एकदा डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा. एक जुना फोटो, एक मोठा व्हिडिओ आणि गेल्या आठवड्यात बदललेलं एक स्प्रेडशीट परत आणा आणि प्रत्यक्ष उघडून बघा. व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे ढकलून पाहा. अर्धवट प्रत झालेली फाइलही सुरुवातीला नीट चालते. रेस्टिकवाल्यांनी 'चेक'ला 'रीड डेटा' जोडावं. त्याशिवाय ते फक्त रचना तपासतं, मजकूर वाचत नाही.