विंडोज सीईच्या बंदिस्त हँडहेल्डवर लिनक्स: सुरुवात कोठून करावी?

देवगड_पेटी:
आमच्या आंबा पॅकिंग शेडमध्ये पेट्यांवरील बारकोड वाचणारी जुनी हँडहेल्ड यंत्रे आहेत. त्यांत विंडोज सीई (लहान यंत्रांसाठीची मायक्रोसॉफ्टची प्रणाली) असून प्रोसेसर इंटेलचा पीएक्सए२७० आहे. पुरवठादाराने नोंदणीचे सॉफ्टवेअर बंद केले, बूटलोडर (यंत्र सुरू होताच प्रणाली चढवणारा प्रोग्राम) कुलूपबंद आहे आणि हार्डवेअरचे कागद कोणाकडेच नाहीत. यंत्रे मात्र धडधाकट आहेत. बूटलोडर न उघडता त्यांवर पोस्टमार्केटओएस (जुन्या फोनसारख्या यंत्रांसाठीची लिनक्स प्रणाली) चढवता येईल का?

मांडवी_बंदर:
पोस्टमार्केटओएस चालणार नाही. ते अल्पाइन लिनक्सवर उभे आहे आणि अल्पाइनच्या आर्म आवृत्त्यांना किमान एआरएमव्ही६ पिढीचा प्रोसेसर लागतो. आपला प्रोसेसर त्याआधीच्या एआरएमव्ही५टीई पिढीचा आहे. तेव्हा बिल्डरूट (लिनक्स प्रणाली बांधण्याचे साधन) वापरून लहानशी प्रणाली स्वतः बांधणे बरे.

बूटलोडरला हात लावण्याची गरज नाही. हॅरेट हा मुक्त प्रोग्राम विंडोज सीईमध्येच साध्या अॅप्लिकेशनसारखा चालतो, लिनक्सचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मेमरीत आणतो आणि यंत्राचा ताबा त्याच्याकडे देतो. फ्लॅशमधील मूळ प्रणाली जशीच्या तशी राहते.

हॅरेटचा खरा उपयोग मात्र त्याआधीचा आहे. प्रोसेसर अनोळखी नाही, कारण इंटेलने त्याची सविस्तर पुस्तिका प्रसिद्ध केली होती. अनोळखी आहे ती उत्पादकाने केलेली जोडणी, म्हणजे कोणते बटण प्रोसेसरच्या कोणत्या जीपीआयओ (सर्वसाधारण संकेतांच्या) पिनवर आहे आणि पडद्याचा दिवा कशाने लागतो, हे. यंत्र यूएसबीने संगणकाला जोडून टेलनेटने (दुसऱ्या यंत्राला आज्ञा टंकून पाठवण्याच्या सोयीने) हॅरेटशी बोला, पिनांवर पहारा लावा आणि एकेक बटण दाबत कोणती पिन बदलते ते टिपत जा. एलसीडी कंट्रोलरच्या रजिस्टरांतील (सेटिंग ठेवणाऱ्या कप्प्यांतील) आकडेही उतरवून घ्या, म्हणजे पडद्याचे टायमिंग आयते हाती येईल. ही सारी माहिती चालू असलेल्या विंडोजकडूनच मिळते. म्हणून ते पुसण्याची घाई अजिबात करू नये.

सड्यावरचा:
वरील सल्ला योग्य आहे, पण दोन अडचणी राहतात. २०२३ मधील ६.३ या कर्नलमधून पीएक्सएच्या अनेक जुन्या बोर्डांचा आधार काढून टाकला गेला. त्यामुळे एक तर जुने कर्नल घ्यावे, नाही तर स्वतः डिव्हाइस ट्री (कर्नलला हार्डवेअरची जोडणी सांगणारी फाइल) लिहावी. मी दुसरा मार्ग धरेन. दुसरी अडचण बारकोड वाचकाची. तो आतच संकेत उलगडून सीरियल पोर्टवर आकडे पाठवत असेल तर काम सोपे. नुसते चित्र पाठवत असेल तर उलगडणारे बंदिस्त सॉफ्टवेअर विंडोजमध्येच राहील. शिवाय, चार्जिंगचे नियंत्रण समजेपर्यंत लिनक्स चालू असलेले यंत्र रात्रभर चार्जरवर ठेवू नये.

देवगड_पेटी:
आपल्या दोघांचेही आभार. विंडोजच्या सेटिंगमध्ये बारकोड वाचकासमोर कॉम पोर्टचा क्रमांक दिसतो, त्यामुळे तो सीरियल असावा. हंगामात बाकीची यंत्रे लागतील, म्हणून कवच तडकलेल्या एकाच यंत्रावर प्रयोग करतो. कर्नल सुरू होऊनही पडदा काळाच राहिला तर ते कसे कळावे?

मांडवी_बंदर:
चार्जिंगच्या क्रेडलला (यंत्र ठेवण्याच्या बैठकीला) सीरियल जोडणी आहे का ते पाहा. पीएक्सए२७० मध्ये तीन यूएआरटी (सीरियल पोर्ट चालवणारे भाग) असतात; त्यांतील फुल-फंक्शन यूएआरटी क्रेडलपर्यंत आणलेला असेल तर कर्नलचा कन्सोल, म्हणजे त्याच्या संदेशांची जागा, तेथे वळवता येतो आणि पडदा काळा असला तरी संदेश संगणकावर वाचता येतात. जोडणी आरएस-२३२ (जास्त व्होल्टेजच्या जुन्या सीरियल पद्धती) ची आहे की थेट प्रोसेसरच्या कमी व्होल्टेजची, हे मात्र केबल लावण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासा.